डोक्यावरची पितळी पट्टी

अमरावतीच्या खुशालरावांच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे बरेच होते. पण कोष्टक आलं की सगळे देवमनकडे बोट दाखवून चहाला पळायचे. आकडे काय, कुणीही बसवील. खरी गोम असते ती वरच्या दुमजली मथळ्यात. वर मोठं नाव, त्याखाली आडवी पितळी पट्टी, पट्टीखाली लहान रकाने. पट्टी जितकी लांब, तितक्या रकान्यांवर वरच्या नावाचं राज्य. हे काम देवमननं करावं आणि बाकीच्यांनी बघावं, असाच तिथला रिवाज होता.

देवमन मूळचा नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यातला. बाप पुंजाराम गावची मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन साली सारं घर नागपूरला जाऊन बौद्ध झालं आणि पुंजारामनं ढोराला हात लावायचं सोडलं. गावानं त्याला काम देणं बंद केलं, गिरणीवर दळण घेईनात. म्हातारा महाहट्टी. "मेलो तरी बौद्धच मरीन," म्हणाला, आणि वर्षभरातच तसाच मेला. त्यामुळं हा शब्द देवमनच्या घरात कुणी उगाच तोंडात घोळवत नसे.

अठ्ठावन्न साली अकोल्याच्या एका खासगी शिक्षण संस्थेचा अहवाल छपाईला आला. तिच्या वसतिगृहांतल्या मुलांचं कोष्टक दरसाल तेच, म्हणून जुळवलेला मजकूर सुतळीनं बांधून फळीवर ठेवलेला असे. साल फिरलं की नुसते आकडे बदलायचे. वर 'हिंदू', पट्टीखाली जातींचे रकाने, आणि त्यांत शेवटचा रकाना देवमनच्या जुन्या जातीचा. यंदा संस्थेनं कळवलं होतं, तिथं 'बौद्ध' घाला.

देवमनला कोण आनंद झाला! ज्या नावानं गावानं त्याच्या बापाला आयुष्यभर हाका मारल्या, त्या नावाचे खिळे त्यानं चिमट्यानं एकेक करून उपटले आणि तिथं 'बौद्ध' बसवलं. आकडे पुन्हा पुन्हा तपासले. छपाई झाल्यावर एक पान घडी करून घरी नेलं.

त्याची बायको चतुराबाई विहारातल्या वर्गात नुकतीच अक्षरं शिकली होती. उन्हं उतरताना ती ओट्यावर पान घेऊन बसली आणि बोट ठेवून वरून खाली वाचू लागली.

"अवो, आपलं नाव यायच्या खाली काहून हाये?"

"कोनाच्या?"

"हे पाहा ना. वर हिंदू लिवलं, मंग हे लांब रेघ, आन् रेघेच्या खाली आपुन."

देवमननं पान हिसकावून घेतलं. अक्षरं काढली होती, पट्टी तशीच राहिली होती! छापखान्यातला डोळा अक्षर वाचतो, आकडा वाचतो. पट्टी कोण वाचतो? ती फक्त बसवायची असते. त्यानं ती बसलेलीच राहू दिली होती. बापाला पुन्हा हाताला धरून त्याच गावात, त्याच ढोरापुढं नेऊन उभं केल्यासारखं त्याला झालं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

सकाळी तो मालकांपुढं उभा राहिला. खुशालराव तोंडाचे फटकळ.

"सारं छापून झालं, बांधणीले गेलं. आता एका रेघेपायी पुन्हा छापू काय? कोन पायते रेघ?"

"माही बायको पायते, मालक."

खुशालरावांनी खणातलं ब्लेड काढून त्याच्यापुढं सरकवलं. मग म्हणाले, "ब्लेडनं खरवडता येते तं खरवड. कागद फाटला तं मले सांगू नको."

नवरा-बायको दोघंही बांधणीच्या खोलीत गठ्ठ्यांमध्ये बसले आणि प्रत्येक प्रतीत बौद्ध रकान्यावरचा रेघेचा तुकडा अलगद खरवडत राहिले. चतुराबाईची बोटं काळी झाली. काम संपलं तेव्हा देवमनला वाटलं, सुटलो.

पुढल्या साली संस्थेकडून दुरुस्त केलेलं पान आलं. मथळ्याखाली जिथं त्यानं खरवडलं होतं, तिथं कुणीतरी फूटपट्टी धरून लाल पेन्सिलीनं सरळ, सुरेख रेघ ओढली होती. बाजूला लिहिलं होतं, 'छपाईत रेघ तुटली आहे. जोडून घ्यावी.'

देवमननं फळीवरचा मजकूर खाली घेतला, सुतळी सोडली. त्यानं कातरीवर पितळी पट्टी ठेवली आणि शेवटच्या रकान्याएवढा तुकडा कापूनच टाकला. 'बौद्ध' हे नाव दोन्ही मजले मिळून एकाच उंच खान्यात बसवलं. वर कुणी नाही. त्याचा कागदावर ठसा काढून तो स्वतः बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेला.

संस्थेचे चिटणीस वामनराव भला माणूस. त्यांनी देवमनला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"अरे, पण मुलं तीच, रकाना तोच," ते अगदी मायेनं म्हणाले. "नाव तेवढं बदललं ना? ते आम्ही बदललंच की!"

देवमननं ठसा पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला, पट्टी संपते तिथं बोट ठेवलं. शिवी दिली असती तर त्याला उत्तर ठाऊक होतं. वामनराव रागावले नव्हते, हसतही नव्हते. त्यांना खरोखरच दुसरं काही दिसत नव्हतं. आणि पहिल्या साली चिमटा हातात घेऊन आपणही हेच केलं होतं, हे त्याला आठवलं.

"मले जोडता येनार नाही, साहेब," एवढंच बोलून तो उठला.

खुशालरावांनी ते कोष्टक दुसऱ्याकडून करून घेतलं. गिऱ्हाईक तोडणं त्यांना परवडणारं नव्हतं.

अहवाल निघाला त्या दिवशी चतुराबाईनं विचारलं, "औंदा पान नाही आनलं?" आता ती भराभर वाचू लागली होती.

देवमननं खिशातून बोटाएवढा पितळी तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"हे काय होय?"

"आपल्या डोक्यावरची रेघ. म्या कापली."

तिचा चेहरा उजळला. "मंग सुटलो ना आपुन?"

"नाही," देवमन म्हणाला. "त्यायनं नवी टाकली."