भलतीच ओळ

डेटाबेस हाताळायच्या एका मोफत प्रोग्रॅममधले बग मी अमरावतीत घरी बसून दुरुस्त करते. पडद्यावर तक्ता दिसतो, हवी ती ओळ निवडायची आणि बदलायची किंवा पुसायची, इतकं सोपं काम. नवी आवृत्ती जगाला देण्याआधी मी अकोल्याच्या ताईला द्यायचे. ती तिथे एका बियाणे प्रयोगशाळेत कंत्राटावर नोंदी ठेवते. घरचं माणूस म्हणजे फुकटचा परीक्षक, हा माझा आगाऊपणा.

एका सोमवारी सकाळी तिला आवृत्ती पाठवली आणि दुपारी सहज स्वतः वापरून पाहिली. एक ओळ निवडली, तक्ता तारखेप्रमाणे लावला, ‘पुसा’ दाबलं. निवडलेली ओळ तशीच राहिली, भलतीच गेली! क्रम बदलला तरी प्रोग्रॅम जुन्या जागेवरूनच ओळ शोधत होता. तक्ता लवकर उघडावा म्हणून केलेल्या माझ्याच दुरुस्तीनं हा घोळ घातला होता.

न उगवलेल्या वाणांच्या नोंदी ताई दर सोमवारी काढून टाकते. फोन वाजत होता, ती उचलत नव्हती. मी तशीच बस पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत अकरा वेळा फोन लावला. चांगल्या वाणांच्या नोंदी गेल्या तर तिचं कंत्राट जाईल, आणि तेही माझ्यामुळे, एवढंच डोक्यात होतं.

मला प्रयोगशाळेच्या दारात पाहून ती हसली. “काहून वं, अशी धावत आली?”

“ताई, काही पुसलं का तू?”

“पुसलं ना. सकाळपासून तेच करून राहिली.”

मी खुर्ची ओढून तक्ता उघडला. न उगवलेली वाणं होती तिथेच होती, उगवलेली गेली होती. नशीब, शनिवारी काढलेली प्रत तिच्याकडे होती. त्या प्रतीवरून मी एकेक नोंद परत आणली.

“पुसायच्या आधी प्रोग्रॅम, जे जाणार त्या वाणाचं नाव दाखवून विचारत होता ना? वाचलं नाही तू?”

“परक्याचं असतं त वाचलं असतं. तू बनवलं म्हून मी नुसतं ‘हो’ दाबत गेली.”

मी तिच्याकडची ती आवृत्ती काढून जुनी टाकली.

तो बग मी त्याच आठवड्यात काढला. परवा तिचा फोन आला, “नवीन कधी पाठवतं वं?”

मी अजून पाठवलेलं नाही.