दाराशेजारची बारीक अक्षरं

आमच्या घरी बापाने लेकीची ख्यालीखुशाली विचारायची पद्धत नाही. दर रविवारी संध्याकाळी राणीसावरगावहून बाबांचा फोन यायचा आणि पहिलाच प्रश्न असायचा, "नंबर किती?" जेवलीस का, झोप होते का, ही खाती आईकडे होती.

नंबर म्हणजे ज्येष्ठता यादीतला नंबर. बाबांनी गंगाखेडच्या आगारात एकतीस वर्षं एसटी चालवली. तिथे कुणाला कुठली ड्युटी मिळणार, हे या यादीवरून ठरायचं. पुढचा ड्रायव्हर निवृत्त झाला की मागचे सगळे एकेक पायरी वर सरकायचे. मी सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकले, एका मोठ्या कंपनीत सहवैमानिक म्हणून लागले, तेव्हा गावाने माझी मिरवणूक काढली. बाबा मात्र खरे खूश झाले ते तिथेही यादी असते हे कळल्यावर. यादी आहे म्हणजे कारभार सरळ आहे, असं त्यांचं साधं गणित.

विमानात कॅप्टन डावीकडे बसतो, सहवैमानिक उजवीकडे. नंबर आला की डावी खुर्ची मिळते. हे समजावून सांगितलं तर बाबांनी माझीच खेचली.

"आमचा डायवर उजवीकडंच बसतो. आन् तू उजवीकडं बसून बी क्लीनरच व्हय?"

"तसं न्हाई ओ बाबा, मी बी चालवते की."

"चालवतीस गं माय, पर गाडीची जिम्मेदारी तुझ्यावर न्हाई. तू डावीकडं बस, मग मी बसतो तुझ्या इमानात. तवर न्हाई."

आई माझ्या तिकिटावर दोनदा मुंबईला येऊन गेली. बाबा रेल्वेनेच आले.

नऊ वर्षं मी उजवीकडे बसले. पुढे फक्त अकरा जण उरले होते तेव्हा कंपनीने एक पत्र काढलं. लहान शहरांची उड्डाणं यापुढे दुसरी एक छोटी कंपनी करणार. विमानाचा रंग आमचाच, तिकिटावर नावही आमचंच, वैमानिक तेवढे त्यांचे, वर्षाच्या करारावर. नवे कॅप्टन व्हायचे ते याच लहान विमानांवर. ती गेली आणि आमची यादी जागच्या जागी थांबली.

आम्ही वैमानिकांनी एका हॉटेलात सभा घेतली आणि निवेदन लिहिलं. निवेदनात प्रवाशांची काळजी होती. करार दरवर्षी नवा करायचा असेल तर मी थकलोय, आज उडणार नाही, असं म्हणायची हिंमत कोण करेल, असा मुद्दा होता. तो खोटा नव्हता. पण सभेत आवाज चढले ते नंबराचा विषय निघाल्यावर. प्रवासी बिचारे पहिल्या परिच्छेदातच राहिले. मीही सही केली. उत्तर आलं नाही.

त्या मे महिन्यात मी सुट्टीवर गावी आले. सेलूकडच्या एका लग्नाहून परतताना बाबा आणि मी देवगाव फाट्यावर उभे होतो. ऊन मी म्हणत होतं. एक बस आली, आमच्याच बाजूची, अर्धी रिकामी. मी बॅग उचलली.

"ती आपली न्हाई," बाबा म्हणाले. "जाऊ दे."

"बाबा, एसटीच हाय की!"

"दाराशेजारी बारीक अक्षरं वाच."

दाराशेजारी खरोखरच बारीक अक्षरांत कुणा ठेकेदाराचं नाव होतं. भाड्याची गाडी, ठेकेदाराचा ड्रायव्हर. बाबांचा नंबर अठ्ठावीस वर्षांनी वर आला आणि त्यांना राणीसावरगावची जवळची फेरी मिळाली होती, रोज घरी जेवायला येता येईल अशी. वर्षभरात ती फेरी अशाच एका भाड्याच्या गाडीला गेली. बाबा पुन्हा लांबच्या ड्युटीवर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. तेव्हापासून ते अशा गाडीत पाय ठेवत नाहीत.

"त्या पोरायवर राग न्हाई माझा," ते म्हणाले. "पोटासाठी करायलेत. पर गाडीवर नाव एकाचं आन् जिम्मेदारी दुसऱ्याची, हे मला पटत न्हाई."

अशा दोन गाड्या आम्ही सोडल्या. दीड तास उन्हात उभे राहिलो. मी चिडले होते.

जुलैत त्या छोट्या कंपनीचा मला फोन आला. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, मग थेट डावी खुर्ची. इथला राजीनामा द्यायचा, म्हणजे नऊ वर्षांचा नंबर गेला. उद्या परत यायचं झालं तर यादीच्या शेपटाला उभं राहायचं. मी दोन दिवस विचार केला, असं लोकांना सांगते. खरं तर केला नाही. कागद आला, सही केली. सभेतल्या मित्रांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं, तेही मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. दाढ काढल्यावर गालाला हात लावून बघतो आपण, तसं मी स्वतःला मधूनमधून तपासत होते.

प्रशिक्षण संपलं त्या रविवारी बाबांनी विचारलं, "नंबर किती?"

"नंबराचं संपलं बाबा. डावीकडं बसले."

दोन्ही वाक्यं खरी होती. बाबांनी गावात पेढे वाटले.

नांदेडहून माझ्या तिसऱ्या उड्डाणाला बाबा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, बाहेर जायची टोपी. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करायची असते, ती करून मी शिडीपाशी पोहोचले, तेव्हा प्रवाशांची रांग चालत येत होती. बाबांनी मला पाहिलं, हसले, आणि सवयीने त्यांची नजर दाराशेजारी गेली.

तिथे बारीक अक्षरं होती. बाबांना इंग्रजी फार येत नाही, पण माझ्या आधीच्या कंपनीचं नाव त्यांना अक्षरन्अक्षर ओळखू येतं. ते नाव वर शेपटावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. दारापाशी दुसरंच होतं.

ते थांबले. मागे पाच-सहा माणसं खोळंबली, कुणीतरी "चला काका" म्हणालं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणणार, जाऊ दे, ही आपली न्हाई. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. मी तरी भांडले असते.

बाबांनी टोपी काढून हातात घेतली, कठडा धरला आणि चढले.

विमान मी नीट नेलं, नीट उतरवलं. उतरताना बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं चालवतीस," एवढंच म्हणाले. परत जाताना रेल्वेने गेले.

रविवारी संध्याकाळी ठरल्या वेळी फोन वाजला. उत्तर काय द्यायचं ते मी आठवडाभर जुळवून ठेवलं होतं.

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं.

मी जेवले नव्हते. "जेवले," म्हणाले, आणि फोन आईकडे द्यायला सांगितला.