आधीच मानलेले उपकार

माझ्या सासूबाईंना देवाचे उपकार मानायला निमित्त लागत नाही. गॅसची टाकी वेळेवर आली, उपकार. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी जरा मोठी दिली, तरी उपकार. रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेब विचारायचे, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" की पदर सारखा करत त्या उभ्या राहिल्याच. आठवड्याभरात प्रभूनं आमच्या घरात काय काय केलं हे आख्ख्या मंडळीला कळायचं. मी खाली मान घालून गीताचं पुस्तक चाळत बसायचे. लाज वाटायची असं नाही, पण माझं माहेरचं वळण निराळं. आमच्याकडे देवाशी जे काही बोलायचं ते मनातल्या मनात.

तर नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची ठरली. ऑपरेशन मिरजेला, सोमवारी. त्याचं रक्त ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत तेव्हा एकच पिशवी होती, म्हणून डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की त्याच गटाचा एक माणूस हाताशी असू द्या. तसा माणूस आमच्याकडे होता. नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र, विट्याचा. दूर तमिळनाडूत त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. सुट्टीवर आला होता, तो आमच्यासाठी इथे साताऱ्यातच बहिणीकडे थांबून राहिला. मिरजेला निघायच्या आधीच्या दोन दिवसांत मी त्याला सतरांदा विचारलं असेल, "भाऊजी, याल ना नक्की?"

शनिवारी मी नवऱ्याला मिरजेच्या रुग्णालयात भरती केलं. सासूबाई रविवारची उपासना करून मग येणार होत्या.

सोमवारी सकाळी त्या आल्या. मागोमाग नर्स येऊन विचारून गेली, "रक्त देणारे आलेत का?" मी भाऊजींना फोन लावला. पलीकडून रेल्वेचा खडखडाट ऐकू आला.

"आवं वैनी," तो म्हणाला, "मी गाडीत हाय. दावणगिरी मागं पडली. काल आईनी पेढं दिलं की घरी येऊन. म्हणल्या, देवानं केलं समदं, पोरगं बरं झालं. मला वाटलं भरती झाल्या झाल्याच ऑपरेशन उरकलं."

ऑपरेशन अजून व्हायचंच आहे, हे मी त्याला कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "मी उतरतो वैनी, पन सांजच्याला सुदिक पोचायचो न्हाई." त्याचा आवाज रडवेला झाला होता. त्याचा काय दोष? मी फोन ठेवला आणि सासूबाईंकडे वळले.

काय झालं होतं ते त्यांनी स्वतःच सांगितलं. काल त्या साक्षीला उभ्या राहिल्या आणि मुलाला बरं केल्याबद्दल त्यांनी प्रभूची स्तुती केली. पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं करून गीत म्हणवून घेतलं. मग बाहेर पडताना कंदी पेढे वाटले, अगदी या मित्राच्या बहिणीच्या घरापर्यंत. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते मी म्हणून टाकलं. आणखीही बरंच बोलले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "तुमच्या उपकारापायी त्याचा जीव जाईल," असंही म्हणाले. शेजारच्या बाकावरची माणसं बघायला लागली, तरी मी थांबले नाही.

डॉक्टर बाहेर आले. दुपारपर्यंत थांबतो म्हणाले, पण फार लांबवण्यासारखी त्याची तब्येत नाही. एका पिशवीवर मी छाती उघडणार नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

ते आत गेल्यावर सासूबाई बोलल्या. माझ्याकडे न बघता.

"माझी थोरली लेक तापानं गेली. तवा मी मागितलं हुतं. गुडघं टेकून, उपास धरून मागितलं. न्हाई दिलं त्यानं. तवापास्नं मी मागत न्हाई बघ. आधीच उपकार मानती. म्हंजी त्याला न्हाई म्हनायला जागाच ऱ्हात न्हाई."

मला ही मुलगी ठाऊक होती ती भिंतीवरच्या फोटोपुरती. तिच्याविषयी त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या क्षणी मला त्यांची दया आली असं म्हणणं बरं दिसलं असतं. नाही आली. मला फक्त रक्त हवं होतं. मी पाळकसाहेबांना लावायला फोन उचलला.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "माझ्या तोंडानं गेलंय, माझ्याच तोंडानं फिरू दे. त्या मंडळीच्या गटावर बोलायचं कसं, ते दाव."

मी व्हॉट्सअॅप उघडून माईकचं बटण दाबून धरलं. फोन त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"मी काल साक्ष दिली ती खरी न्हवती," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाचं ऑपरेशन अजून व्हायचंय. कुनाचं रक्त ओ निगेटिव्ह आसंल तर मिरजंला या. मी मागती तुमच्याकडं. पदर पसरून मागती."

काल ज्या मंडळीपुढे त्यांनी स्तुती केली होती, तिच्यासमोर ती मागे घ्यायची! इतके दिवस ज्यांना मी बडबड्या समजत होते, त्या बाईला हे किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा जरासं कळलं.

मग वाट बघणं. उत्तरं येत होती. प्रार्थना करतो, प्रार्थना करतो, हात जोडलेली चित्रं. एकेका चित्राचा मला राग येत होता. शेवटी पाळकसाहेबांचा फोन आला. उपासनेत पेटी वाजवणाऱ्या शिक्षकांचं रक्त त्या गटाचं होतं. ते शाळेतून रजा टाकून निघाले होते आणि गाडी पाळकसाहेब स्वतः चालवत होते. ते पोचले, तपासणी झाली आणि नवऱ्याला आत नेलं.

आत काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. दार उघडलं की आम्ही दोघी उठायचो आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं. सासूबाईंनी एकदाही ओठ हलवले नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर आले. झडप बसली, रक्तस्राव झाला पण आवरला, शुद्धीवर येईल म्हणाले. पाळकसाहेबांनी हात जोडले आणि सवयीनं सासूबाईंकडे पाहिलं. आता त्या स्तुती करणार, मोठ्यानं करणार, अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती. मीही मान खाली घालून तयार झाले.

त्या मटकन बाकावर बसल्या. पदर तोंडावर घेतला आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"लय भ्याले हुते गं," त्या म्हणाल्या. "लय दिसांपास्नं."