तिचा दोर कधी तुटला नाही

तात्यांचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या शाळेत, मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. तात्या म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, सारिकाचे वडील. ते स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून मी हातातला घास खाली ठेवला. "पोरी, आपली सारू गेली," ते म्हणाले. आणि मी विचारलं, "कुठं गेली?" मग पलीकडून दुसऱ्याच कुणीतरी फोन घेतला आणि मला समजावून सांगितलं. ते ऐकून मी डब्याला झाकण लावलं, घंटा झाली तशी वर्गावर गेले, फळ्यावर तारीख लिहिली. पुढं काय लिहायचं ते सुचेना. एका सहकारी बाईंनी माझ्या हातातून खडू काढून घेतला. तिच्या गावी, बोरी बुद्रुकला मी कशी पोचले, ते अजून नीट आठवत नाही.

सारिका आणि मी पुण्याला विद्यापीठात भूगोल शिकलो, वसतिगृहात एकाच खोलीत राहिलो. एम.ए. झाल्यावर बरोबरीची मुलं स्पर्धा परीक्षांच्या मागं लागली आणि आम्ही दोघी येडगाव धरणाच्या काठी नव्यानं निघालेल्या एका साहस शिबिरात प्रशिक्षक म्हणून लागलो. शहरातल्या शाळांची मुलं यायची, त्यांना दोरावरून कडा उतरायला शिकवायचं, पाण्यात छोट्या होड्या वल्हवायला शिकवायचं. मी गंमत म्हणून गेले होते आणि काही हंगामांनी शाळेत नोकरी धरली. तिला मात्र पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं की आपल्याला हेच करायचंय. तिचा आवाज असा की पाण्याच्या मध्यावरच्या पोरालाही सहज ऐकू जावा, आणि चिडली की मात्र एक शब्द बोलायची नाही. वारा सुटला असताना होड्या पाण्यात घालायला तिनं एकदा साफ नकार दिला. शिबिराचे मालक ओरडत राहिले आणि सारिका वल्ही गोळा करून त्या ढिगावर बसून राहिली. गावात मात्र 'एवढं शिकून पोरांना दोरानं खाली सोडती' असंच बोललं जायचं. तात्यांनाही ते लागायचं.

एकदा तात्या तिला न्यायलाच आले. आळे गावाहून तिला बघायला पाहुणे येणार होते. आम्ही कड्यावर होतो. "तात्या, एवढी मुलं उतरू द्या, मग बघू," ती म्हणाली. तात्या टोपी मांडीवर ठेवून खडकावर बसले. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उतरता उतरता अर्ध्यावर थिजली. डोळे गच्च मिटलेले, गाल कातळाला लावलेला. वरून तिच्या बाई "घाबरू नकोस, घाबरू नकोस" म्हणून ओरडत होत्या. सारिकानं हातानंच त्यांना गप्प केलं, शेजारच्या दोरावरून स्वतः उतरली आणि त्या मुलीच्या बाजूला जाऊन थांबली.

"घाबर की," ती म्हणाली. "मी पण घाबरते."

"तुम्ही?"

"रोज. आता तुझा डावा पाय कुठं आहे, तेवढं सांग मला."

पाय बघायला मुलीला डोळे उघडावे लागले. मग उजवा पाय. मग पुन्हा डावा. अशा दोघी बोलत बोलत खाली आल्या. मी मागं वळून पाहिलं तर तात्या केव्हाचे उठून उभे होते आणि टोपी धुळीत पडली होती. सारिका घामाघूम होऊन वर आली. "चला तात्या," म्हणाली. तात्यांनी टोपी झटकली. "ऱ्हाऊ दे. मी सांगतो त्यास्नी काय ते." जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "ही रोज असंच करती व्हय?" त्यानंतर गावात कुणी विचारलं की ते सांगायचे, पोरगी मास्तर हाय आमची, कड्यावरची.

...आणि ती गेली ती घरच्या ओट्यावर. सकाळी चहा पीत बसली होती. आईला म्हणाली, डोकं लई दुखतंय. कप खाली ठेवला आणि कलंडली. नारायणगावला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टर म्हणाले. तिशी नुकती कुठं ओलांडली होती. इतकी वर्षं कड्यांवर काढली, पाण्यावर काढली, आणि जमिनीपासून हातभर उंचीच्या ओट्यावर... हे वाक्य मी मनात कितीदा तरी सुरू केलंय. ते पुरं होत नाही.

भेटायला येणारा जो तो एकच विचारायचा, "दोर तुटला का?" नाही म्हटलं तरी लोकांना ते पटायचं नाही. दहाव्याला एक लांबचे पाहुणे म्हणाले, "मी म्हणतच व्हतो, पोरीबाळींचं काम न्हाई ते." तात्या तोवर आल्यागेल्या कुणाशीच बोलले नव्हते. त्यांनी मान वर केली. "पावणं, तिचा दोर कदी तुटला न्हाई. तिच्या हातनं एक लेकरू पडलं न्हाई. च्या पेताना गेली ती. घरात गेली, आमच्यासमोर." मला पहिल्यांदा रडू फुटलं ते तिथं.

गेल्या रविवारी मी पुन्हा बोरीला गेले होते. हंगाम संपला की सारिका शिबिरातले दोर घरी आणून धुवायची आणि गोठ्यात सावलीला वाळत घालायची, कारण उन्हानं ते खराब होतात. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळीही तिनं ते धुतले होते. निळे, केशरी दोर अजून तसेच टांगलेले होते आणि त्यांना शिंग लागू नये म्हणून तात्यांनी गाय बाहेर चिंचेखाली बांधली होती. मी असतानाच शिबिराचे व्यवस्थापक दोर न्यायला जीप घेऊन आले. याआधीही ते एकदा येऊन रिकामे परत गेले होते. फार अदबीनं बोलले बिचारे. तात्या उठले, एक दोर चिमटीत धरून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चाचपला आणि म्हणाले, "अजून वलं हायेत."

व्यवस्थापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं होऊन दोराला हात लावला. तो कधीच खडखडीत वाळला होता.

"हो," मी म्हणाले. "ओले आहेत अजून."