पाव इंचाचे आटे

कल्पना करा, तुमच्या हातात एक जुनी भरमार रायफल आहे. दारू आणि गोळी पुढच्या तोंडातून ठासायची, त्या जातीची. दुरुस्तीला घेतलीत, तर आटे नंतर बघायचे. आधी नळीत गज घालायचा, तोंडापाशी त्याच्यावर खडूची खूण करायची, गज बाहेर काढून नळीला समांतर धरायचा. लांबी जुळली नाही, तर कुणाच्या आजोबांनी ठासलेली दारू अजून आत असू शकते.

नळी रिकामी निघाली? आता घोड्याखाली बघा. तिथे एक पोकळ खुंटी आहे, तिच्यावर तांब्याची टोपी बसते. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी खुंटीतून दारूपर्यंत जाते. दुकानात तिला निप्पल म्हणतात. ते काढायला पान्यावर जोर द्यावा लागला पाहिजे. नुसत्या बोटांनी फिरलं, तर एखाद्या दिवशी बार उडताना ते मागे येईल. आणि मागे बार काढणाऱ्याचा डोळा असतो.

मंत्रालय नव्या रायपुरात हललं, त्याच्या पुढच्या दसऱ्याआधी गोदूताईंच्या हातात असंच एक निप्पल बोटांनी फिरलं.

गोल बाजारामागच्या गल्लीत बंदूक दुरुस्तीचं एक दुकान आहे. त्यांचे वडील शामराव ते चालवायचे. हात गोदूताईंना दिला, लायसन धाकट्या भार्गवला. त्यामुळे भार्गव पुढे गल्ल्यावर बसतो आणि चोपन्न वर्षांच्या गोदूताई मागे, पडद्याआड, लेथवर. शामरावांच्या तेरवीनंतर आठवड्याभरात भार्गवने त्यांची आटे पाडायच्या इंची टॅपची पेटी कबाड्याला दिली. "आता सगळं मिलिमीटरमंधी आहे," एवढंच म्हणाला. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून भाऊबहीण एकमेकांशी बोलत नाहीत. बोलायचंच झालं, तर गिऱ्हाइकामार्फत.

त्या दिवशीचं गिऱ्हाईक म्हणजे शरच्चंद्र. भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेल्या घराण्यातले, मंत्रालयात नुकतेच बढती मिळालेले.

"भैया, मागच्या सालीपण तुमीच बनवून दिली नं? टोपी ठेवली का हलून राहिली."

पडदा सरकला. गोदूताईंनी न विचारता रायफल उचलली, गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि निप्पलला दोन बोटं लावली. चार वेढ्यांत ते बाहेर आलं. आट्यांवर पांढरं, तेलकट सूत गुंडाळलेलं होतं. प्लंबर नळाला लावतो तसं सूत आणि सफेदा.

"साहेब, त्याले विचारा, ही बंदूक होय का मोरीतली तोटी?"

भार्गवने पेपरातून मान काढली नाही. "तिले सांगा साहेब, वर्षातून एक बार. तोही बिनगोळीचा. तेवढ्याले सूत बस आहे."

"त्याले सांगा, बारूदले कॅलेंडर वाचता येत नाही."

"तिले सांगा, लायसन भितीवर टांगलं आहे. नाव वाचून घे म्हणा."

"अरे यार, मी काय पोस्टमन आहो का?" शरच्चंद्र भडकले. "दसऱ्याले नव्या बंगल्यावर शस्त्रपूजा आहे. मंत्रालयाचे लोक येऊन राहिले. पूजेनंतर एक बार काढाची आमच्या घरची रीत आहे, आणि यंदा आमची पोरगी ऋता काढणार आहे. मले बंदूक पाहिजे, तुमचा तमाशा नाही."

"ऋता केवढी आहे?"

"एकोणीस. काहून?"

"मंग तिले आत्ताच विचारून घ्या, कोणता डोळा नको आहे."

शरच्चंद्र लाल झाले. भार्गवने पेपर आपटला. "तिले सांगा, जबान सांभाळ! बाबा असते तर दहा मिनिटांत देऊन मोकळे झाले असते."

"त्याले सांगा, बाबाचं नाव घेऊ नको. बाबानं जिंदगीत एका आट्याले सूत नाही गुंडाळलं."

भार्गवने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याने पुन्हा पेपर उचलला.

"मी दुसरीकडे जातो," शरच्चंद्र म्हणाले.

"जा नं." गोदूताईंनी निप्पल पदराच्या टोकाला बांधून गाठ कमरेला खोचली. "हे माझ्याजवळ राहीन. नाही तर सहा दिवसांनी या."

लायसन रद्द करवतो, वरपर्यंत ओळख आहे, बाईच्या हाती दुकान देणारा भाऊ कसला, असं पुष्कळ बोलून शरच्चंद्र बंदूक टाकून निघून गेले. दसरा सात दिवसांवर होता. दुसरीकडे जायलाही वेळ नव्हता.

दोष काय होता, तो गेजने मापल्यावर कळला. मी स्वतः टूलरूममध्ये शिकलो आहे, पण इतकी साधी आणि इतकी घातक चूक मी तिथे पाहिली नव्हती. भोक पाव इंचाचं, इंचाला अठ्ठावीस आट्यांचं. भार्गवच्या डब्यातलं निप्पल सहा मिलिमीटरचं. ते अंगाने जरा बारीक, म्हणून सहज आत जातं आणि बसल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात दोन-तीन आट्यांची टोकंच एकमेकांना धरतात. उरलेली पोकळी सुताने भरली होती आणि प्रत्येक दसऱ्याला भोकाचे आटे आणखी झिजत गेले होते.

पाव इंच वाचणार नव्हतं. भोक मोठं करून आठ मिलिमीटरचे नवे आटे पाडायचे आणि त्यांना जुळणारं निप्पल लेथवर घडवायचं, असं त्यांनी ठरवलं. मिलिमीटरशी त्यांचं वैर नव्हतं. दोन मापांचं खोटं लग्न लावण्याशी होतं.

ड्रिल लावण्याआधी त्या तारेच्या आकड्याने भोक साफ करायला बसल्या. आधी पांढरं निघालं. मग तळाच्या आट्यांतून काळं, खडीसारखं कडक काहीतरी. फडक्यावर चोळलं, तर आतून लाल.

गोदूताई थांबल्या. शेंदूर आणि जवसाचं तेल. हा लेप त्यांच्या दुकानात एकच माणूस कालवायचा. भार्गव कायम बाजारचा सफेदा वापरतो. लाल लेपात सुताचे धागे होते.

भार्गव चहाचा ग्लास ठेवायला पडद्यापाशी आला होता. त्याने फडकं पाहिलं. टोमणा मारायला याहून चांगली वेळ अकरा वर्षांत आली नव्हती. तो ग्लास ठेवून परत गेला.

सहाव्या दिवशी बंदूक तयार झाली. नवं निप्पल पान्याशिवाय तसूभर हललं नाही. शरच्चंद्रांनी आभार मानले नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले, आपट्याची पानं फक्त भार्गवच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "बार मस्त झाला भैया. ऋतानं डोळापण नाही मिचकावला." पडद्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मला हे सांगताना गोदूताईंनी ते फडकं काढून दाखवलं. धुतलेलं नव्हतं.

"बाबानं काहून केलं असन, ते बाबाबरोबर गेलं," त्या म्हणाल्या. "घाई असन. गिऱ्हाईक असंच बोंबलत असन. पण हा त्या दिवशी तोंड उघडून गप बसला नं? हे गिऱ्हाइकाच्या तोंडून विचारता येत नाही, आणि माझ्या तोंडून निघत नाही."

पुढे, गल्ल्यावर, पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला. गोदूताईंनी आवाज खाली आणला.

"याले पहिल्यापासून ठाऊक होतं का? आणि होतं, तर अकरा वर्षं माझे बोल काहून ऐकून घेतले यानं?"