खोकल्याच्या जरा वर

रोज दुपारी मी गेम खेळते आणि शे-दोनशे माणसं ते लाइव्ह बघतात. पलीकडच्या खोलीत बाबा असतात. त्यांचा खोकला जुना आहे. माइकमधून तो सगळ्यांना ऐकू जायचा, की लगेच कुणीतरी लिहायचं, "काका आले!" मग मी भिंतीकडे तोंड करून ओरडायचे, "बाबा, जरा हळू ना!"

शेवटी गेल्या आठवड्यात मी माइकला फिल्टर लावला. ठरावीक पातळीखालचा आवाज तो बाहेर सोडतच नाही. नकोसा आवाज कुठला, हे त्याला बिचाऱ्याला कळत नाही. ती पातळी आपणच ठरवून द्यायची. मी ती बाबांच्या खोकल्याच्या जरा वर ठेवली.

आज ऐन खेळात हेडफोन कानावरून घसरला आणि माझ्या लक्षात आलं, पलीकडे काहीच ऐकू येत नाहीये. फिल्टर माइकला आहे, माझ्या कानांना नाही. मग खोकला कुठे गेला? समोर शत्रू चालून येत होता, माणसं "मार, मार" लिहीत होती. मी सगळं तसंच टाकून धावले.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. तोंडावर उशी गच्च दाबलेली, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी. मला बघूनही त्यांनी उशी काढली नाही. नुसत्या हातानेच विचारलं, संपलं का?

फिल्टर लावल्याचं मी त्या दोनशे जणांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाबांना सांगायचं राहून गेलं होतं.