डिस्पोजलचा ट्रक आणि वसंताचं विमान

"जुनं म्हणजे पारखलेलं, मास्तर," असं म्हणून काकाजी ट्रकच्या बॉनेटवर थाप मारायचे. बैलाच्या पाठीवर मारतात तशी. थापेने रंगाचा पोपडा सुटलाच, तर तो हळूच उचलून खिशात टाकायचे.

ट्रक लष्कराचा होता. महायुद्ध संपल्यावर असा पुष्कळ माल लिलावात निघाला. त्याला सगळे डिस्पोजलचा माल म्हणत. काकाजी सौंसर-मोहगावकडच्या बागांतली संत्री या ट्रकमधून पांढुर्ण्याच्या स्टेशनावर आणत, काही माल घाट चढून छिंदवाड्याला पाठवत. मी त्यांच्या घरात भाड्याने राहणारा शाळामास्तर. नवी वस्तू म्हणजे उधळपट्टी असं मानणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आमच्याकडे ते काकाजी होते. त्यांचं घड्याळ जुनं, सायकल जुनी, छत्रीसुद्धा कुणाकडून तरी घेतलेली.

त्यांचा एकुलता मुलगा वसंता विमानदलात पायलट झाला. डोंगरातल्या सीमेवर जवानांना धान्य-सामान पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. तो पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा ओसरीवर गावातली चार माणसं जमली होती. राज्यांची नवी मांडणी व्हायची होती. आपल्या राज्याची राजधानी नागपूर मुंबईकडे गेली तर आपण कुठे, यावर वाद रंगला होता. बोलता बोलता वसंता म्हणाला, की त्याचं विमान महायुद्धातलं आहे, दुसऱ्या देशाने वापरून ठेवून दिलेलं.

"सरकारनं जुनं विमान काहून घेतलं?" काकाजींनी विचारलं.

"नवीनसाठी नंबर लावा लागते, बाबा. नंबर लागेपर्यंत सीमेवरचे लोक काय खातीन? लढाई संपली, त्या देशायकडं विमानं फाजील पडून हायेत. ते स्वस्तात देऊन मोकळे होतात. आपल्या लोकायले तेच चालवता येते, त्याचेच सुटे भाग आपल्यापाशी हायेत. आन् नवीन घ्यायले परदेशी पैसा देशापाशी कुठं हाये?" मग तो हसला. "जुनं म्हणजे पारखलेलं. तुम्हीच तर म्हणता."

सगळे हसले. काकाजी हसले नाहीत.

"ट्रक बंद पडला तर रस्त्याच्या कडेला उभा राहते रे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. नागपूरकडे जाणारं विमान वरून गेलं की सौदा अर्धवट सोडून ते अंगणात येत आणि आवाज पार विरेपर्यंत मान वर करून उभे राहत. ते वसंताचं नाही हे त्यांनाही ठाऊक असे. संध्याकाळी मी दिसलो की विचारत, "पेपरात काही?" त्यांना एकाच प्रकारची बातमी विचारायची असे, पण तोंडाने ती म्हणवत नसे. पुढे नागपूर खरंच दुसऱ्या राज्यात गेलं. आपण मध्य प्रदेशातच राहिलो, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "राज्य बदललं. विमान तं तेच हाये न."

मग घाटात ट्रकचे ब्रेक गेले. ड्रायव्हर भीमाने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराला घातली. त्याचा पाय मोडला. काकाजी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसले होते, मीही होतो.

"सकायपासून ब्रेक ढिले लागून राहिले होते, मालक," भीमा म्हणाला.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"माल सडून राहिला होता. तुम्ही थांबा म्हटलं असतं का?"

काकाजी भीमाच्या पांघरुणाची कड नीट करत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मास्तर, माह्या पोराले नाही म्हणता येत असन का?"

आठवड्याच्या आतच आम्ही वसंताकडे जायला उत्तरेकडच्या गाडीत बसलो. सोबत संत्र्यांची टोपली. विमानतळाच्या फाटकाशी वसंता आला तो ओशाळलेलाच. "बाबा, लोक हसतीन." काकाजींनी त्याच्या साहेबांना भेटायचा हट्ट धरला. साहेब भले होते. त्यांनी खुर्ची दिली. काकाजी बसले नाहीत.

"साहब, मेरा लडका बोला के आज विमान ठीक नहीं, तो आप क्या करोगे?"

साहेबही उठून उभे राहिले. "विमान नहीं उड़ेगा," ते म्हणाले. "दुबारा पूछूँगा भी नहीं। उन्हीं विमानों में मैं भी उड़ता हूँ, बाबाजी।"

काकाजींनी हात जोडले. पण संत्री साहेबांना दिली नाहीत. विमानांची दुरुस्ती कोण करतं ते विचारलं आणि टोपली त्या मेकॅनिकच्या हातात ठेवली. तेलाने काळे झालेले त्याचे दोन्ही हात धरून म्हणाले, "बेटा, कोई भी बोले, जल्दी मत करना." वसंता दुसरीकडे पाहत होता. त्याचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

परत आल्यावर काकाजींनी ट्रक भंगारात काढला आणि बैलगाड्या लावल्या. संत्री उशिरा पोचू लागली, काही व्यापारी तुटले. भीमाचा पाय बरा झाल्यावर गाड्यांची देखरेख त्याच्याकडे आली. घोर मात्र गेला नाही. "साहेब बदलते न, मास्तर," ते म्हणत. "नवा कसा निघन, कोणाले ठाव."

काही वर्षांनी, ऐन संत्र्याच्या बहरात, चार दिवसांच्या तापाने काकाजी गेले. वसंता पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो अजून तीच विमानं उडवत होता, धडधाकट होता. तेरवी झाल्यावर मी त्याला स्टेशनावर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. 

"मास्तर, ढगात शिरलो की मले वाटे, बाबा खाली बसून काळजी करून राहिले असतीन," तो म्हणाला. "मंग मी निवांत राहो. आता ती काळजी मलेच करा लागन."